एक मे, पणजी–बेती

डिसेंबरातच मी ही सुट्टी तपासली होती,
सरकारी छापखान्यात, ट्यूबलाइटखाली, लाल पेन्सिलीने.
यादीत कुणीतरी
'कामगार दीन' असं टाइप केलं होतं.
मी दीर्घ वेलांटीवर काट मारली,
समासात ऱ्हस्व लिहिली
आणि चहा प्यायला गेलो.

आज तो दिवस.
सकाळी सातला बाजारात
सत्तरीहून आलेल्या बाईकडून नीरो घेतला, एक बाटली.
"बारांच्या आत पी," ती म्हणाली,
"मागीर तो कोणाचें आयकना."

आझाद मैदानात लाल झेंडे, माइकचं खरखरणं,
सावली सरकेल तशा सरकणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या.
एक म्हातारा कामगार घोषणा देतो
आणि मधेच थांबून
नातवाच्या नाकावरचा आइसफ्रूटचा थेंब पुसतो.
शेजारचे फळदेसाई सहकुटुंब मिरामारला गेलेत,
चटई, कलिंगड, सुरी आणि सासू घेऊन.
छापखान्यातला बाबुसो म्हणतो, सुट्टी म्हणजे उशी.
कॅसिनोच्या बोटी भर उन्हातही दिवे लावून उभ्या,
त्यांना कुठला वार कळत नाही.

मी फेरीबोटीत.
पायी माणसाला तिकीट नाही.
पणजीहून बेती, बेतीहून पणजी,
स्कूटरींच्या तापल्या सीटांमध्ये,
कोळणींच्या रिकाम्या पाट्यांशेजारी,
काखेत बाटली धरून.
चौथ्या खेपेला साखळी अडकवताना
आग्नेलने विचारलंच,
"तूं खंयच्या तडीचो रे?"
आज सुट्टी आहे, मी म्हटलं.
त्याच्या खिशापाशी ग्रीसचा जुना डाग.
"आसतली," तो म्हणाला, "म्हाका कोणें सांगूंक ना."
आणि फळी खाली सोडायला गेला.

त्याला काय सांगू?
हॉटेलच्या तिसऱ्या मजल्याच्या सगळ्या खिडक्या
फक्त नदीच्या मध्यावरूनच दिसतात.
चौदा खोल्या कुमुदच्या.
चादरी बदलून, फरशी पुसून,
साबणाच्या चिमुकल्या वड्या मांडून झाल्या
की ती पडदा उघडते.
बंद पडदे: काम बाकी.
नऊ वाजता दोन उघडले होते,
साडेदहाला पाच.
मग बराच वेळ काहीच नाही.
मी पुन्हा बेतीला गेलो, पुन्हा परत आलो,
सहाव्या खिडकीकडे बघत राहिलो
जसं कोणी वेळेवर न आलेल्या बसकडे बघतं.
आत कोणी उशिरा उठणारं असेल,
दारावर त्रास देऊ नका अशी पाटी लावून
सुट्टी घालवत असेल.
घालवू दे. त्याचीही असेल वर्षातून एखादी.

बारा वाजले. एक वाजला.
बाटलीच्या गळ्याशी बारीक फेस चढू लागला.

साडेतीनला ती मागच्या दाराने आली,
जिथून भाजी जाते आणि कचरा येतो.
हातांना ब्लीचचा वास, बोटांची टोकं सुरकुतलेली.
फुलं नाहीत, सिनेमा नाही,
मी फक्त बाटली पुढे केली.
चल, म्हटलं, वारा खाऊ.

फेरीत उभ्याउभ्याच तिने झाकण फिरवलं.
फस्स झालं, नीरो तिच्या पदरावर उडाला.
घोट घेतला, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं,
"आंबला हो हा,"
आणि दुसरा घोट घेतला.
मग बाटली आग्नेलला दिली.
त्याने इकडेतिकडे पाहिलं
आणि वरच्यावर पिऊन परत केली.

पाणी उन्हात अॅल्युमिनियमसारखं.
तिसरा मजला मागे सरकत होता,
चौदाही पडदे उघडे.
"तुमची एक खेप चुकली माझी,"
ती तिकडे न बघताच म्हणाली,
"अकरा-सव्वाअकराची.
सहाव्या खोलीत टब तुंबला होता."