तिनसुकियाची संध्याकाळ

खजुरी बाजारातल्या स्टुडिओची कामं मी घरी करते.
चेहरे उजळायचे, मांडवाचे बांबू पुसायचे,
कुणाच्या तरी मामांची जांभई खोडायची.
एका फोटोचे चार रुपये.

लॅपटॉप दादाचा. बँकेनं त्याला नवा दिला,
तेव्हा दिवाळीनंतर हा माझ्याकडे आला,
बटणांच्या फटीतल्या चहापत्तीसकट.

साडेचार वाजले की पडदा पिकायला लागतो.
पांढरं आधी सायीसारखं,
मग जुन्या पोस्टकार्डासारखं.
डोळ्यांना बरं वाटायचं, मी काही विचारलं नाही.
बाहेर तर अजून ऊन,
समोरच्या गच्चीवर पापड उलटायचे राहिलेले.

मला वाटलं फोटोच पिवळे आहेत.
त्यात निळा भरत गेले,
थोडा, अजून थोडा.
अल्बम छापून आला आणि
राजूरकरांची सून, माहेश्वरी नेसलेली,
रात्रभर विहिरीत उभी असल्यासारखी दिसली.
इक्बालभाई म्हणाले,
"दीदी, ये बारात कश्मीर से आई थी क्या?"
एकोणीस पानं पुन्हा. माझ्या पैशांनी.

रात्री शोधत बसले, हे पिवळं येतं कुठून.
सेटिंगच्या तळाशी एक ओळ:
सूर्यास्तानंतर आपोआप.
आणि ठिकाण, तिनसुकिया.

तीन वर्षं तो तिथल्या शाखेत होता.
मी पाचला फोन करायची, चहाचं आधण ठेवून.
तो म्हणायचा, ठेवतो गं, रात्र झाली.
आई म्हणायची, टाळतोय.
मीही म्हणायचे.

रात्र झालेली असायची.
एवढ्या लांब पूर्वेला, भाड्याच्या खोलीत,
साडेचारला काळोख,
आणि हा पडदा एकटाच
त्याच्यासाठी दिवेलागण करत होता.

ठिकाण बदललं. इंदूर.
आता पावणेसहाला, आमच्या सूर्याबरोबर.
काम असलं की तेही बंद ठेवते,
चार रुपयांत सूर्यास्त परवडत नाही.

तरी साडेचारला हात माउसवर थबकतो.
काल पाचला फोन लावला. आधण ठेवलं होतं.
बदली होऊन तो आता देवासला, इथून तासाभरावर.
"जेवतोय," म्हणाला.
ताटात वाटी सरकवल्याचा आवाज आला.
देवासला पाचला लख्ख ऊन असतं.

ठेवते मग, म्हटलं,
रात्र झाली असेल.