भरीव

माझा धंदा ठोकून बघण्याचा.
पाव किलोची हातोडी, टॉर्च, खडू
आणि पस्तीस वर्षांच्या इमारतींची यादी.
प्लास्टरवर टकटक करायची, कान लावायचा.
ठक्क आलं तर पुढे.
ढब्ब आलं की खडूने गोल.

खाडीची खारी हवा सळईला कशी खाते
ते मी सोसायट्यांच्या सभेत समजावतो.
सेक्रेटरी पंख्याकडे बघत राहतात,
जणू तो आत्ताच पडणार आहे.
मला आत कुठेतरी बरं वाटतं.
हे लिहायला नको होतं. पण वाटतं.

हातोडी मी घरी नेत नाही, तरी ती येते.
मृदुलाच्या भावाचं लग्न ठरलं. ढब्ब.
खालच्या सामंतांनी पोळी-भाजी केंद्र काढलं. ढब्ब.
काही दुखत नसतानाही
झोपण्याआधी बरगड्या वाजवून बघतो.
आणि केतकीनं विचारलं, रत्नागिरीला जाऊ का,
माशांचं शिकायला,
तर म्हणालो, "बघू."
आमच्या घरात माझ्या 'बघू'ला
सगळे 'नाही' म्हणूनच ओळखतात.

अण्णांकडून आलं असेल.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरची त्यांची रंगांची कंपनी
बंद पडली, त्याच्या सहा महिने आधीपासून
ते डब्यातली एक पोळी रोज परत आणायचे.
सवय असू दे, म्हणायचे.
कुलूप लागलं त्या दिवशी घरात ते एकटेच शांत होते.
मला वाटलं, केवढा शहाणा माणूस.
आता हिशोब करतो.
सहा महिने, रोज एक पोळी.
संकट दारात यायच्या आधीच
ते अर्धपोटी होते.
आणि मी त्यांच्याकडून शिकलो
मरणाआधी सुतक पाळायला.

परवा कोपरखैरण्यात, चौथ्या मजल्यावर,
म्हात्रेबाईंचा ओजस मागे लागला.
शाळेला सुट्टी, हातात लाटणं.
मी ठोकीन तिथे तोही ठोकायचा,
मी पुढे सरकलो की मागे रेंगाळायचा.
वळून पाहिलं तर
भिंतभर फुल्या,
माझ्याच खडूच्या तुकड्यानं.
"हे काय रे?"
"जिथे चांगलं वाजतं तिथे."
त्याची आई ओरडली, भिंत खराब करू नकोस,
मग तिचं तिलाच हसू आलं.

मोजणार नव्हतो. मोजल्या.
एकशे बारा.
माझे गोल सतरा.
माझ्या छापील तक्त्यात
पोकळ, ओल, भेग, गंज.
भरीव असा रकानाच नाही.
वीस वर्षांत कुणी मागितला नाही,
मीही नाही.

म्हणजे सगळं ठीक आहे, असं कुणी म्हणू नये.
जिन्याखालचा तो खांब वाईटच आहे,
तसं मी जाड अक्षरात लिहिलं,
टेकू आज रात्रीच लावा म्हणून दोनदा फोन केला.
सतरातला एकही गोल पुसला नाही.
पण टेकू लावायचा तर
तो भरीव जागीच टेकवावा लागतो,
हे मी इतकी वर्षं
नुसतं दुसऱ्यांना सांगत आलो.

ऐरोलीला पोचलो तेव्हा खाडीवरून
कांदळवनाचा चिखलट वास येत होता,
ज्याला मी आजवर फक्त गंजाचं कारण समजायचो.
केतकी खिडकीत उभी राहून
तोच वास छातीभर घेत होती.
फॉर्मची तारीख जवळ आली होती.
तिनं काही विचारलं नाही,
कागद नुसता टेबलावर होता.
सवयीनं मी टेबल बोटानं वाजवलं.
"बघू," म्हणालो.

तिचा चेहरा पडायच्या आत
खुर्ची ओढली, चष्मा लावला
आणि बघायला बसलो.