नावापुरती जागा

बाबांनी मोपेड अलकापुरीत वळवली तोवर
लीलो चिवड्याच्या पुडक्याचं तेल
माझ्या ओढणीवर उतरलं होतं.
अर्धा किलो. पाव घेऊ म्हटलं तर म्हणाले,
मागायला जाताना पाव किलो नेत नाहीत.

माणकेश्वरसाहेब झोपाळ्यावर होते.
अंगठ्यानं फरशी ढकलत म्हणाले,
अरे, तू रावपुऱ्याच्या प्रेसमधला ना?
त्यांच्या तिन्ही मुलींच्या लग्नपत्रिका
बाबांनी जुळवलेल्या, खिळा खिळा करून.
एकीच्या मुहूर्ताची वेळ तर
साहेबांच्या मूळ कागदातच चुकली होती,
बाबांनी पकडली ती.
आज त्यातलं काही काढलं नाही त्यांनी.
नुसते हसले.

मी अर्जाची प्रत पुढे केली.
ग्रंथालयात सहायक. जागा दोन, अर्ज नऊशे.
साहेबांनी चष्मा चाचपला, मिळाला नाही.
असं कर, म्हणाले, तूच लिही. गुजरातीत लिही.
मी सही करतो.
नावापुरती जागा सोड तेवढी,
नाव माझ्या हातचं असलेलं बरं दिसतं.

तर त्यांच्या लेटरहेडवर
मी साहेब होऊन माझ्याविषयी लिहू लागले.
नानपणथी ओळखुं छुं.
ओळख हा शब्द इकडेही तोच, तिकडेही तोच,
पेन कुठे अडलं नाही.
महेनतु. शांत स्वभावनी.
संस्कारी कुटुंब, असं लिहिताना
समोर बाबा, खुर्चीच्या कडेला टेकलेले,
कप बशीत वाजू नये म्हणून
दोन्ही हातांनी धरलेला.
कुटुंबाला मी आणखी एक विशेषण लावलं,
कुणी मागितलं नव्हतं तरी.

साहेबांनी न वाचता सही ठोकली,
मग पेन वर धरून विचारलं, नाव काय म्हणालीस?
मी सांगितलं. आत मिक्सर चालू होता.

सूरसागरच्या कठड्याशी मोपेड थांबली.
दाखव.
चाळीस वर्षं मुद्रितं वाचलेला माणूस
पहिल्याच ओळीवर थबकला.
मृदुला.
हात सवयीनं खिशाकडे गेला,
लाल पेन्सिलीच्या जागी आता
रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी असते.

विदुलाच्या जवळपासच आहे की, म्हणाले,
एका अक्षराचं काय एवढं.
आणि घडी घालता घालता
बोटानं तेच अक्षर
एकदा पुसून पाहिलं. पुन्हा एकदा.

मग किक मारून, मान न वळवता,
अर्धा किलो नेला ते बरंच केलं आपण.