मोजणी

संक्रांत सरली तसा नाथसागर पाऊल पाऊल मागे हटला.
औंदा इथं कुणी गाळपेर केली नाही.
बेशरम उपटलेल्या जागी
लव्हाळं उठलंय, कोवळं, बेताचं.

गयाबाई लिंबोरे जाळं झटकता झटकता सांगते,
"शेकाटे मोजू नको, ते घरचेच.
चक्रवाक मोज."

मी मोजतो. एक्केचाळीस. बेचाळीस…
एक उठतो, सगळे उठतात,
वहीवर नुसती हलती सावली.

पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात बुडालेल्या गावाच्या अंगानं
पट्टकादंबांची रांग येते,
घोगऱ्या गळ्यानं आपसात बोलत,
हिमालय ओलांडून आलेली,
आणि उतरते नेमकी
गयाबाईच्या माहेरच्या
नुकत्याच उघड्या पडलेल्या पांढरीवर.

ती मोजत नाही.
"आले," म्हणते,
आणि जाळं गुंडाळून ठेवते.