बांद्याचं बिल

चाळीस किलो खाजं,
आठ डबे, सुतळीने बांधलेले,
माशेलहून सातच्या टेम्पोत चढले
आणि साडेनऊला बांद्याला उतरले.
एवढंच घडलं.

बांदा म्हणजे रत्नमालेचं, माझ्या नणंदेचं सासर.
तिथली जत्रा, तिच्या दिराचं दुकान.
उमाकांत फोनवर म्हणाला,
तोंडी हिशेब नको वहिनी, पक्कं बिल करा,
आता आमचंही रजिस्टर आहे.
मी केलं. बिलबुकाचं सत्तेचाळिसावं पान.
पत्रादेवीला टेम्पो कुणी थांबवला नाही.
ड्रायव्हरने तिथे चहा घेतला, एवढीच नोंद.

केंकरेबाबांनी चष्मा वर सरकवला.
हे राज्याबाहेर गेलं.
राज्याबाहेर कुठलं, नणंदेकडे गेलं.
नणंदेचा रकाना नाही वहिनी.
सात दिवसांत कळवायचं होतं.
मी बोटांवर मोजलं. पन्नासावर दिवस झाले होते,
आणि त्यांतला प्रत्येक दिवस
मी जुन्याच शिक्क्याने साजरा केला होता.

मला वाटायचं, मोठं झालं की इथून बाहेर काढतात.
दीड कोटीचं खाजं म्हणजे किती पोती बेसन,
हे नवऱ्याने एकदा पाटावर खडूने मांडलं होतं
आणि अर्ध्यावर हसत उठला होता.
पाट तसाच होता महिनाभर.
वर जाऊन बाहेर पडण्याची भीती आम्हाला नव्हतीच.
आम्ही बाजूने बाहेर पडलो,
पंधरा हजारांच्या बिलावर.

तो शिक्का फोंड्यात करून घेतला होता:
कंपोझिशन करदाता,
मालावर कर आकारण्यास अपात्र.
मामंजींना पटायचा नाही.
आपल्याच हाताने आपल्याच बिलावर
रोज अपात्र म्हणून उठवायचं?
मी म्हणायचे, तेवढ्यावरच आपलं चाललंय,
तीन महिन्यांनी एकदा शेकडा एक भरायचा
आणि झोपायचं.
आता मामंजी नाहीत.
आता आम्ही पात्र झालो.

पात्र माणसाला दर महिन्याला जाग येते.
गुळवाल्याकडे बिल मागितलं
तर तो असा बघतो
जसं मी त्याच्या तराजूवर बोट ठेवलंय.
आलं विकणाऱ्या बाईकडे मी मागितलंच नाही.
तिच्या ओच्यात सुटे पैसे, तेच तिचं दफ्तर.

त्या दिवशीचा साठा लिहा, म्हणाले केंकरेबाब.
बेसन लिहिलं. तीळ लिहिले. तेलाचे डबे.
कढईत पाक होता.
गूळ राहिला नव्हता, खाजं झालं नव्हतं,
उलथनं उचललं तर तार धरत होता.
तो कुठे लिहू?
अर्धवट माल, असा रकाना आहे, ते म्हणाले.
चला. एक तरी ओळखीचा निघाला.

फेस्ताच्या आदल्या दिवशी एस्पेरांस आली,
दरवर्षीसारखी दोन किलोला.
कागद दिव्याखाली धरून विचारलं,
खालचे हे पाच पाच कोणाचे गो?
मी म्हटलं, माझे नव्हेत.
पूर्वी मी माझ्यातले द्यायचे, तुला दिसायचे नाहीत.
तिने पैसे मोजले,
मग एक काडी तोंडात टाकून
चावत उभी राहिली,
किमतीत कुठे चव वाढलीय का ते बघत.
आलं जास्त झालंय यंदा, म्हणाली.
झालं होतं.

काल उमाकांतचा फोन आला:
साठ किलो, आणि दोडामार्गाच्या एकालाही हवंय.
केंकरेबाब म्हणतात, आता खुशाल पाठवा,
बेळगाव, कारवार, कुठेही.
नव्या बुकाचं पहिलं पान उघडलं.
हात सवयीने खणात गेला, शिक्का निघाला,
पॅडची शाई अजून ओली.
नातीने तो घेतला आणि मनगटावर उठवला.
पुसट आला. पहिली ओळ उठलीच नाही.
अंघोळीला जाईल, म्हटलं तिला,
आणि तारीख घातली.