झिरोचा बल्ब

हवालदार म्हणाला, बाई, बंदूक ठेवता कुठं?
मी दाराआड बोट दाखवलं.
दोन खुंट्या, बाबांनी ठोकलेल्या.
त्यांवर बंदूक आडवी,
नि तिच्याच पट्ट्याला माझी छत्री अडकवलेली.
त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, मग ते खोडलं.
"कुलपात पाहिजे," म्हणाला,
आणि अर्धा चहा तसाच ठेवून वाळपईला गेला.

परवाना बाबांच्या नावावरून माझ्या नावावर यायला
एक वर्ष नि चार महिने लागले.
फणस मात्र एका रात्रीत पडला,
कुळागराच्या बांधावरचा.
त्याच्याच बेचक्यात माळा बांधून बाबा
रानडुकरांची वाट बघत बसायचे
आणि बहुतेक वेळा झोपून जायचे.
सकाळी खाली कणगांचे वेल उपटलेले,
वर बाबा घोरतायत.

सगुण मेस्तांनी फळ्या पाडून दिल्या.
देवळाच्या कामात अडकलोय, म्हणाले,
बाकीचं तूच कर.
रंधा देताना बजावलं,
हाताला लागलं तर हळद लाव,
रंध्याला लागलं तर मला सांग.

मी शिवणकाम करणारी.
बंदूक खाटेवर निजवली, गळ्यातली टेप काढली,
ब्लाऊजांच्या वहीत, सुकांती माजिकच्या मापांखाली लिहिलं:
उंची चार फूट दोन इंच. दस्ता पाच.
छाती, कंबर यांच्यापुढं रेघ.

कापडात शिवणीला सोडते
तसा लाकडातही अर्धा इंच सोडला
आणि तिथंच चुकले.
लाकडाला मुरड घालता येत नाही.
दार बसेना. तासलं. मग फारच बसलं,
उघडेना.
पुन्हा तासलं.
अंगणभर पिवळा भुसा, त्याला
पिकल्या गऱ्याचा उरलासुरला वास,
मुंग्या येऊन हुंगून परत गेल्या.

नळी टेकायला चंद्रकोरीसारखी खाच,
पटाशीनं, तीन संध्याकाळ.
आतून अस्तर, कुणाच्या तरी लग्नातली
उरलेली हिरवी मखमल.
काडतुसांचा खण वेगळा, त्याला वेगळं कुलूप,
किल्ली बटणांच्या डब्यात, तळाशी.

आमच्याकडं चार महिने भिंतीसुद्धा घामेजतात.
लोखंडाला गंज धरू नये म्हणून
आत झिरोचा बल्ब लावला, रात्रंदिवस.
दाराच्या फटीतून (ती राहिलीच)
तांबूस उजेडाची एक सरळ टीप
माझ्या मशीनपर्यंत.
उमावती माप द्यायला आली,
चपला काढल्या, कपाटापुढं डोळे मिटून उभी राहिली.
मी तोंडात टाचण्या धरून होते,
काही बोलता आलं नाही.
नंतर कळलं तिला. म्हणाली,
राहू दे गो, जोडलेले हात काय फुकट जात नाहीत.

मग निवडणूक लागली. हत्यारं जमा करा.
बंदुकीला पिशवी शिवली, नाडी ओवली,
बसमध्ये मांडीवर आडवी घेतली.
कंडक्टर म्हणाला, पडद्याची दांडी काय?
मी हो म्हटलं.
ठाण्यावर पावती मिळाली, निळा शिक्का, पुसट.

डुकरांना आचारसंहिता लागत नाही.
दुसऱ्याच रात्री आली, पिल्लांसकट.
मी अंथरुणात पडून ऐकत राहिले
कुठला वेल, कुठली ओळ.
रिकाम्या कपाटात बल्ब चालूच होता.
बंद करायला उठले
आणि नाही केला.

निकाल लागले. फटाके वाजले.
पावती दाखवून बंदूक घरी आणली, दार उघडलं,
तर खाचेत मातीचं घर.
कुंभारीण माशी. टेप न लावता बांधलेलं,
गोल, कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही,
वर एवढंसं भोक, आत काय आहे ते तिलाच ठाऊक.
मी नखानं खरवडायला गेले
नि नखच मागं घेतलं.

तीन आठवडे झाले.
बंदूक मशीनला टेकून उभी आहे,
पट्ट्याला छत्री.
हवालदार येऊन विचारणार,
बाई, बंदूक ठेवता कुठं?
चहा पूर्ण पिईपर्यंत त्याला
काहीतरी सांगावं लागेल.