पंचनामा

अक्कलकोट रोड एमआयडीसी, येमूल शेठचा टॉवेलचा कारखाना,
तिसरा खांब, जमिनीपासून साडेनऊ फूट.
कॅमेरा मीच बसवला, तीन वर्षांमागं,
गड्ड्याची यात्रा तोंडावर होती तेव्हा.
शेठ म्हणाले, सुताचे कोन बाहेर जायलेत, नजर पाहिजे.
मी नजर बसवली. अठ्ठावीसशे रुपये, वायरिंग वेगळं.
पासवर्ड बदलू का, विचारलं.
म्हणाले, असू दे बे कंपनीचा आहे तोच, कोण बघतंय.

असू दिला.

काल सायबर शाखेचे दोघं आले. चहा नको म्हणाले.
हा कॅमेरा अकरा रात्री युद्धात होता.
शहराचं नाव त्यांनी दोनदा घेतलं,
मला एकदाही म्हणता आलं नाही.
लाखभर कॅमेऱ्यांनी मिळून एकाच वेळी
तिथल्या पाणीपुरवठ्याचं दार ठोठावलं, म्हणे,
दार कुणी तोडलं नाही, नुसतं ठोठावत राहिले,
आतला माणूस कुणाकुणाला ओ देणार?
पंप थांबले.
आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी येतो, हे ओठावर आलं होतं.
गिळलं.

मग त्या रात्रींचं रेकॉर्डिंग बघितलं, सगळे मिळून, उभ्यानं.
अंबुबाई गुर्रम कांड्या भरायलीय.
केसांवर सुताची धूळ, भुवयांवर पण.
तीन वाजून दहा मिनिटांनी ती मागाला टेकते, डोळे मिटते.
तीन पस्तीसला दचकून उठते, वर कॅमेऱ्याकडं बघते.
चोरी पकडली गेल्यासारखी.
नेमकं त्याच मिनिटाला, साहेबांनी बोट ठेवून दाखवलं,
इथून सगळ्यात जास्त मारा झालाय.

अर्जात रकाने तीन. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार.
साहेबांचं पेन तिन्हीवरून फिरलं
आणि कागदाच्या कडेला थांबलं.

चार पुतळ्यांच्या चौकातून रोज जातो मी.
मार्शल लॉ होता तेव्हा या गावात
डोक्यावरच्या टोपीवरून माणूस धरायचे.
वाईट होतं. पण टोपी तरी होती,
घालणाऱ्याला माहीत असायचं आपण काय घातलंय.

ज्यानं हे केलं तो कुठंतरी गादीवर पालथा पडून
दुसरं काही बघत असेल.
त्याला सोलापूर माहीत नाही, अंबुबाई नाही.
पण त्या शहरातल्या कुणी
कोरड्या नळाखाली घागर धरून ठरवलंच,
की मारा आला तिथं उलट मारायचा,
तर त्यांच्या नकाशावर टाचणी कुठं टोचणार?
तिसरा खांब. साडेनऊ फूट.
खाली अंबुबाई.

पंच म्हणून दोन सह्या लागत होत्या.
एक माझी.
दुसरी अंबुबाईनं केली, तेलुगूत, सावकाश, जीभ दातांत धरून.
साहेब म्हणाले, चालतंय.

घरी आईला सांगितलं. ती विड्या वळत होती,
सूप मांडीवरच. सगळं ऐकून तेलुगूत एवढंच विचारलं,
मग आपण कुणाच्या बाजूनं होतो?
मी पाणी प्यायलो. अजून एक तांब्या प्यायलो.

आज शिडी स्कूटरला बांधून फिरायलोय.
एकशे बेचाळीस कॅमेरे बसवलेत मी या गावात,
सराफ कट्ट्यावर, मंगल कार्यालयात, एका बालवाडीत.
नीलम नगरचे मालक म्हणतात, सोपा ठेव, आमच्या लक्षात राहील असा.
आतापर्यंत एकोणीस झाले.

येमूल शेठचा उतरवला तेव्हा अंबुबाई बॉबिन ठेवून जवळ आली.
आता बघत नाही का तो?
नाही म्हणलो.
तिनं तो हातात घेतला, पदरानं काच पुसली,
आणि बघत राहिली,
न सांगता पलटणीत जाऊन आलेल्या पोराकडं
आई बघेल तसं,
कुठं लागलंय का शोधत.